आग्ला, ना हाग्ला

डब्लिनमध्ये प्राथमिक शाळेत आयरिश भाषा मुलांना सक्तीची असते आणि तिचा गृहपाठ आईबापांना.

सध्या आमच्याकडे भीतीचा धडा चालू आहे. भीतीला आयरिशमध्ये ‘आग्ला’ म्हणतात. मात्र ‘मी भितो’ असं सरळ म्हणायची सोय नाही. ‘ता आग्ला ऑरम’, म्हणजे माझ्यावर भीती आहे. ‘वर’ आणि ‘मी’ मिळून एकच शब्द, ऑरम. तुझ्यावर, त्याच्यावर, तिच्यावर अशी सात रूपं, सगळी पाठ हवीत. भूकही अंगावर, आनंदही अंगावर, सर्दीही अंगावर. सांगलीहून आलेल्या सासूबाईंना याचं काडीचं नवल वाटलं नाही. “मग? दुखणं अंगावरच काढतात की!”

कुत्र्याची भीती वाटली तर ती कुत्र्या‘ची’ नसते, कुत्र्या‘पुढे’ असते. हे मला पटलं. पश्चिमेला गॉलवेकडे भीतीला ‘फाचीस’ म्हणतात. त्या वाटेला मी गेलेच नाही.

शब्दाचं मूळ मात्र झकास आहे. जुन्या आयरिशमध्ये ‘गल’ म्हणजे शौर्य. त्याच्यामागे नकाराचा उपसर्ग लागून ‘भित्रा’ झाला आणि भित्र्यापासून भीती. आजच्या भाषेत ‘गल’ बहुतेक वेळा वाफेला म्हणतात, वाफेच्या इंजिनातही तोच शब्द. आमच्या घरातले इंजिनियर खूश! “म्हणजे घाबरला तो वाफ गेलेला माणूस,” असं म्हणून ते गृहपाठ माझ्यावर टाकून चहा करायला गेले.

इंग्रजीत भीतीची जी चार अक्षरं, तीच आयरिशमध्ये ‘फ्यार’ अशी वाचतात आणि अर्थ होतो पुरुष. सासूबाई म्हणाल्या, “यात चुकलंय काय?”

शेवटी आला वाक्प्रचार. आपण ‘असू दे, न जाणो’ म्हणत पिशवीत स्वेटर कोंबतो ना, त्याला हे लोक म्हणतात ‘भीतीच्या भीतीने’. आग्ला स्त्रीलिंगी. षष्ठीत तिच्याआधी जो ‘ना’ येतो, तो स्वरापुढे एक ‘ह’ चिकटवतो. चिरंजीव खणखणीत आवाजात पाठ करू लागले, “एर आग्ला ना हाग्ला! एर आग्ला ना हाग्ला!”

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. “अगंबाई, कोण?”

“भीती, आजी,” चिरंजीव गंभीरपणे म्हणाले. “आणि ती स्त्रीलिंगी आहे.”