‘गाण्याचे वेगळे पैसे लावून लुबाडतात’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर काल रात्री वाचला. तुमच्या कोल्हापुरी चपलांच्या दुकानाच्या जाहिरातीचा पाडव्याचा व्हिडिओ ठरल्या दिवशी दिला नाही, दोन दिवस फोन उचलला नाही, इन्स्टाग्रामवर व्हिडिओला आवाजच येत नाही आणि १८,००० रुपयांच्या बिलात संगीताचे २,८०० वेगळे लावून आम्ही लुबाडलं, असं तुम्ही लिहिलंय. “गाणी मोबाइलवर फुकट वाजतात, ह्यांना पैसे कशाचे?” हे तुमचं वाक्य जसंच्या तसं इथं देतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते वाचणाऱ्यांना कळेल.

उशीर झाला, त्याची मनापासून माफी मागतो. सोमवारचा शब्द दिला होता आणि व्हिडिओ बुधवारी सकाळी तुमच्या हातात आला. सणाच्या तोंडावर दुकानदाराचे दोन दिवस म्हणजे काय हे मला कळतं, माझ्या वडिलांचंही दुकान होतं. फोनचंही चुकलंच. एडिटिंगला बसलो की फोन बाजूला राहतो आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या खोलीत आम्ही दोघंच आहोत, मी आणि माझी पत्नी. तिसरा माणूस ठेवायची ऐपत अजून नाही.

पण ‘लुबाडतात’ हा शब्द वाचल्यावर झोप लागली नाही. म्हणून २,८०० रुपयांचा हिशोब सगळ्यांसमोर मांडतो. हलगीवाल्या दादांना १,५००. रेकॉर्डिंग स्टुडिओचा एक तास, ८००. मागे हळू वाजणाऱ्या बासरीच्या ट्रॅकचा परवाना, ५००. यात आमचा एक रुपयाही नाही. तिन्ही पावत्या बिलासोबत तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या, बुधवारी सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी. निळी खूण आलेली आहे.

आता मुळात हे पैसे का लागले. पहिल्या दिवशी तुम्ही चालू सिनेमातलं गाणं मागितलंत. ते लावता येणार नाही, असं मी तेव्हाच सांगितलं. तुम्ही म्हणालात, सगळे लावतात. मग म्हणालात, आमच्याकडं दुकानात गाणी लावायचा परवाना आहे, दर वर्षी पैसे भरतो. दादा, इथंच सगळा घोटाळा झाला आणि तो मी तेव्हा नीट समजावून सांगायला हवा होता. दुकानात, हॉटेलात गिऱ्हाइकांसमोर गाणं वाजवायला आयपीआरएस, पीपीएल अशा, गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचा परवाना घेतात. तो वाजवण्याचा परवाना. गाणं व्हिडिओच्या चित्रावर चढवणं हा वेगळा हक्क आहे, धंद्यात त्याला सिंक म्हणतात. त्यासाठी रेकॉर्डिंग ज्या कंपनीचं तिची परवानगी लागते आणि शब्द नि चाल ज्यांच्या मालकीची त्यांचीही. मोठ्या कंपन्या जाहिरातीसाठी ती घेतात, त्यांचं बजेट तसं असतं. मागे एका दुसऱ्या ग्राहकासाठी मी एका सिनेमाच्या गाण्याचा भाव विचारला होता. तुमच्या अख्ख्या कामाच्या कितीतरी पट आकडा आला. त्या ग्राहकाला मी आकडा सांगितला आणि तो विषय तिथंच थांबला.

तुमच्या वडिलांनी जुन्या गाण्याचं सुचवलं, आजोबांच्या काळातलं आहे, त्याला कोण विचारतंय म्हणाले. काकांचा मी मान ठेवतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या हयातीत आणि नंतर आणखी ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड मोकळी झाली तरी चाल मोकळी झालेली नसते. दुसऱ्याकडून गाऊन घेतलं तरी तेच. दहा सेकंदांपर्यंत चालतं असं जे सगळे सांगतात, तसं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. लग्नाच्या वरातीत गाणी वाजतात, त्याला कायद्यातच वेगळी सूट आहे. तुमचा व्हिडिओ धंद्याचा आहे, त्याला ती लागू नाही.

मग फुकटचं का नाही वापरलं? वापरतो दादा, रोज वापरतो. ज्यांचं बजेट पाच हजारांचं असतं त्यांना मी स्वतःच सांगतो की यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घेऊ. फक्त काही ट्रॅकना खाली नाव द्यावं लागतं, ते विसरायचं नाही. नुसत्या इन्स्टाग्राम-फेसबुकचा व्हिडिओ असेल तर त्यांच्या मालक कंपनीचं, मेटाचं, साउंड कलेक्शन आहे, एक पैसा पडत नाही. पण ते त्यांच्याच जागेवर चालतं. तुम्हाला व्हिडिओ हवा होता इन्स्टाग्रामला, यूट्यूबला, दुकानातल्या टीव्हीवर आणि पुढं प्रदर्शनाच्या स्टॉलवर. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे करणाऱ्यानंच काही अटींवर वापरायला मोकळं ठेवलेलं संगीतही फुकट मिळतं, पण त्यातल्या बऱ्याच ट्रॅकवर ‘व्यापारी वापर नको’ अशी अट असते, ती प्रत्येक वेळी वाचावी लागते. ‘नो कॉपीराइट’ असं नाव देऊन कुणीही यूट्यूबवर काहीही चढवतं, त्याच्या भरवशावर मी तुमच्या दुकानाचं नाव लावणार नाही. संगीत पुरवणाऱ्या एका साइटची आमची वर्गणी आहे, पण तिच्यात ग्राहकाच्या कामाचा हक्क येत नाही, म्हणून बासरीचा ट्रॅक तुमच्या दुकानाच्या नावानं वेगळा घेतला. त्याचं परवानापत्र तुमच्याकडं आहे. जपून ठेवा, यूट्यूबवर कुणी दावा टाकलाच तर तेच दाखवायचं.

आणि हलगी. खरं तर याचंच मला जास्त लागलं. सिनेमाचं गाणं नाही म्हटल्यावर तुमचा चेहरा उतरला, ते मला बघवलं नाही. पाडव्याला ठेका पाहिजे, हे तुमचं म्हणणं बरोबरच होतं. म्हणून मी पेठेतल्या हलगीवाल्या दादांकडं गेलो. स्टुडिओत त्यांनी हलगी शेकली, कातडं ताणून घेतलं आणि वेणी विणणाऱ्या तुमच्या कारागिराच्या हातांची क्लिप बघत बघत वाजवलं. तीन टेक झाले. मधे तुमच्या कापशी चपलेची करकर आहे, तीही आम्ही त्याच तासात, त्याच माइकवर, लाकडी फळीवर चालून रेकॉर्ड केली. हलगी थांबते, चार पावलं करकर वाजतात आणि हलगी पुन्हा उचलते. पत्नी म्हणाली, आपल्या सगळ्या कामांत हे चांगलं झालंय. तुमच्या अभिप्रायात त्याबद्दल एक शब्द नाही.

हलगीवाल्या दादांशी एक पानी करार केला. त्यांचं नाव, रक्कम, कायमचा वापर, जगभर कुठंही, असं स्पष्ट लिहिलं. हे लिहावं लागतं, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुम्ही बाहेरगावी माल पाठवता म्हणून मी हे ध्यानात ठेवलं. आता तो ठेका तुमच्या दुकानाचा आहे. दर पाडव्याला, दर दिवाळीला वापरा, पुन्हा पैसे पडणार नाहीत.

उशीर का झाला तेही सांगतो, कारण लोकांना वाटेल आम्ही झोपलो होतो. हलगीवर पुढं जायचं, असा तुमचा होकार रविवारी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी आला. तोवर रोज नवीन गाण्याची लिंक येत होती, एकूण सात. मंगळवारी रेकॉर्डिंग, रात्रभर मिक्सिंग, बुधवारी सकाळी व्हिडिओ. शब्द चुकला, तो माझाच, नाही म्हणत नाही. पण त्या सात लिंकांचाही कुठंतरी उल्लेख व्हावा, एवढंच वाटतं.

राहिला आवाजाचा प्रश्न. इन्स्टाग्रामवर ज्या व्हिडिओचा आवाज बंद झालाय तो आमचा नाही. आमची हलगी काढून तुमच्या पुतण्यानं तेच सिनेमाचं गाणं चढवलं आणि दुकानाच्या बिझनेस अकाउंटवरून टाकलं. पोराची हौस मी समजू शकतो. पण बिझनेस अकाउंटला सिनेमाची गाणी वापरायची मुभा नसते आणि तशा रीलला पैसे भरून पुढंही ढकलता येत नाही. यूट्यूबवर टाकाल तर त्यांची यंत्रणा गाणं ओळखते. मग गाण्याचा मालक व्हिडिओ अडवू शकतो किंवा त्यावर जाहिराती लावून पैसे स्वतःकडं घेऊ शकतो. तुमच्या चपलेच्या व्हिडिओवर दुसऱ्याच कुणाच्या बुटांची जाहिरात आली तर तुम्हाला बरं वाटेल का? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नकली मालावर तुम्ही माझ्या कॅमेऱ्यासमोर किती पोटतिडकीनं बोललात! ते फुटेज अजून माझ्याकडं आहे. गाणं करणाऱ्यांचंही तसंच आहे हो.

पैशांच्या बाबतीत आमची चूक एकच आणि ती मान्य करतो. कोटेशनमध्ये ‘संगीत वेगळं’ एवढंच लिहिलं होतं, रक्कम नव्हती. तिथं आकडा हवा होता. इथून पुढं संगीताचा अंदाज आधीच देऊ, फुकटचा पर्यायही सोबत लिहू. फोनचंही काहीतरी करतो.

मूळ व्हिडिओची लिंक तुमच्या व्हॉट्सॲपवर पुन्हा पाठवली आहे. तो टाका, आवाज येईल. पुतण्याला घेऊन एकदा या, तीन छोट्या रील मी त्याच्यासमोर पुन्हा काढून देतो, पैसे नकोत. तारा एकच ठेवायचा असेल तर ठेवा, उशिराबद्दल तो मला मान्य आहे. फक्त ‘लुबाडतात’ हा शब्द काढता आला तर बघा. नवीन माणूस आधी तेच वाचतो आणि आमचं घर याच कामावर चालतं.

आपला,
स्टुडिओवाला, राजारामपुरी