आधी तो आवाज कमी करा!

पुन्हा तेच! होम थिएटरच्या प्रदर्शनात गेलं की अंधाऱ्या खोलीत बसवतात, दार लावतात आणि धडाम! हेलिकॉप्टर, बॉम्बस्फोट, फुटणाऱ्या काचा. दरवर्षी हेच का? माझ्या हॉलमध्ये रोज हेलिकॉप्टर उतरतं का? 7.1.4 म्हणून, म्हणजे भोवती सात, घुमणाऱ्या खर्जाचा (बासचा) एक आणि वर चार, असे छताला चार स्पीकर टांगलेत ना, मग साधा पाऊस ऐकवा की!

यंदा मी पेनड्राइव्हवर तानपुरा नेला होता. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारा छेडल्यावर जी जवारी, तो झणझणता गुंजारव, उठते, ती जशीच्या तशी ऐकू आली तर स्पीकर खरा. तर म्हणे, "सर, आमचाच डेमो ट्रॅक लावतो आम्ही." अहो, लाखांनी पैसे मागता आणि गिऱ्हाइकाचं दोन मिनिटांचं गाणं लावता येत नाही? माणूस साधं मडकं घेतानाही टिचकी मारून बघतो!

आणि आवाज तरी केवढा! मोबाइलवरचं मीटर 100 डेसिबलला टेकलेलं. अमेरिकेतल्या नायोश या कामगारांचं आरोग्य बघणाऱ्या संस्थेच्या हिशेबानं 85 डेसिबल आठ तास सोसावं, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं! अशा चार खोल्या फिरलं की कानात शिट्टी वाजते. त्या कानांनी काय पारखायचं, कप्पाळ? त्यात कुठे सतार लागलीच, तर शेजारच्या खोलीतला बासचा दणका प्लायवूडच्या भिंतीतून धाडधाड आत.

किंमत विचारा, "तुमचं बजेट काय?" का सांगू? पाटी लावायला काय होतं?