घर मिळालं, ढेलज गेली

३० सप्टेंबर आला की किल्लारीच्या भूकंपाचे तेच फोटो फिरायला लागतात. ढिगारे, जवान, रडणाऱ्या बाया. पुढच्या दहा वर्षांचा फोटो कुणी टाकत नाही. म्हणून हे लिहितोय.

माझं आजोळ उमरगा तालुक्यातलं. १९९३ ला गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमारास दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या, त्यावर माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याची, माती. पुढे ५२ गावं नव्या जागी हलवली. जमिनीच्या हिशेबाने घरं: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, बड्याला ७५०. आजोबांना ४०० वालं मिळालं. घर पक्कं होतं, नाव ठेवायला जागा नाही. पण ढेलज (दारातली झाकलेली मोकळी जागा) नाही, कडबा रचायला जागा नाही, म्हैस बांधायची तर थेट रस्त्यावर. आजोबांनी वर्षभरात शेजारी पत्र्याचं शेड मारलं आणि शेवटपर्यंत त्यातच झोपले. पक्क्या घरात ज्वारीची पोती!

आता कुणी म्हणेल, लोकांना विचारलं नव्हतं. विचारलं होतं की! नवी गावं लोकांनीच मागितली होती. पण कधी? जुन्या गावात पाऊल टाकायची भीती वाटत होती तेव्हा. एक पावसाळा गेल्यावर पुन्हा विचारायला हवं होतं.

माझी मावशी निलंगा तालुक्यात. तिचं गाव हललं नाही. तिकडे दुरुस्तीचे सरकारी पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाला, गवंडी त्याचा त्याने बघायचा. अशी सुमारे दोन लाख घरं दुरुस्त झाली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून तयार केलं, त्यात सातवी शिकलेली मावशीही. भिंतीच्या आरपार जाणारा दगड कुठे बसवायचा, दारा-खिडक्यांवरून काँक्रीटचा सलग पट्टा का फिरवायचा, हे ती शिकली. गवंडी म्हणायचा, "ताई, तुम्ही चुलीकडं बघा." ही विचारायची, "काल पाणी मारलंस का?" पुढे २००१ ला कच्छात भूकंप झाला तेव्हा इकडच्या बायका तिकडच्या बायकांना हे सांगायला गेल्या.

सगळं गोडच होतं असं नाही. कित्येकांनी त्या पैशात एक नवी खोली काढली आणि जुनं माळवद तसंच डोक्यावर ठेवलं. मावशीच्या सख्ख्या दिरानेसुद्धा!

तरी माझं मत पक्कं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने गावं बुडाली, तेव्हा पुन्हा "गाव उचला, कॉलनी बांधा" सुरू झालं. जिथे नाइलाज आहे तिथे उचला. बाकी ठिकाणी पैसा घरमालकाच्या हातात द्या आणि बांधकाम कळणारा माणूस दोन-तीन वर्षं गावाजवळ ठेवा. उद्घाटनापुरता नको.

मावशी आता सत्तरीची आहे. मध्यंतरी पुण्यात माझ्या फ्लॅटचं बांधकाम बघायला आली. साइटवरच्या सुपरवायझरला तिने विचारलं, "कॉलमला किती दिवस पाणी मारलं?" तो माझ्याकडे बघायला लागला.