गाडी हवा खाते

पुण्यात गाडी बिघडणं ही खासगी बाब राहत नाही. एआरएआय ही संस्था १९६६ पासून देशभरच्या गाड्यांची परीक्षा घेते आहे, तिचं ठाणं कोथरूडच्या टेकडीवर. आणि टेकडीखाली गॅलरीत चहा पिणारा प्रत्येक जण स्वतःला तिची शाखा समजतो. त्यातून गाडी जुनी डिझेल, म्हणजे कॉमन रेल या कॉम्प्युटरवाल्या इंधनपद्धतीच्या आधीची असेल तर विचारूच नका. नव्या गाडीला स्कॅनर लावला की कोड येतो, वाद मिटतो. माझ्या गाडीत स्कॅनर लावायची जागा शोधत एक तरुण मेकॅनिक डॅशबोर्डखाली बराच वेळ डोकं घालून बसला होता. शेवटी हाती लागलं ते माझ्या पेनाचं टोपण.

(कंपनीचं नाव सांगत नाही. या वयात कुणाचं काय बिघडेल याला कंपनी काय करणार?)

दुखणं असं, की रात्री ठणठणीत उभी केलेली गाडी सकाळी उठायलाच तयार नाही. सेल्फ मारत राहायचं. बॅटरी रडकुंडीला आली की एखादा सिलिंडर पेटायचा, मग दुसरा, आणि बॉनेट थडथडायला लागायचं. पांढरा धूर निघायचा तो थेट पहिल्या मजल्यावरच्या धुण्यावर. त्यानंतर दिवसभर मात्र एकदम शहाण्यासारखी वागणूक. मेकॅनिककडे न्यायची तर आधी चालू करावी लागते, आणि एकदा चालू झाली की तिला काही झालेलंच नसतं!

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून इतकी तापवायची, की तिच्यात डिझेलचा फवारा सोडल्याबरोबर ते आपसूक पेटावं. फवारा मोजून आणि वेळेवर मारणं हे पंपाचं काम. तो शंभराहून जास्त बार दाब तयार करतो तेव्हा कुठे फवारा सोडणारं नोझल उघडतं. पंपातल्या प्लंजरची फट जेमतेम काही मायक्रॉन, केसाच्या जाडीपुढेही किरकोळ. बॉशने १९२७ मध्ये असे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले. आपल्याकडे १९५१ पासून मायको. त्या कंपनीचं नाव बदलून २००८ मध्ये बॉश झालं, पण ही बातमी नाना पेठेतल्या जुन्या मिस्त्रींना कुणी कळवलेली दिसत नाही. तिथे पंप म्हणजे अजूनही मायकोच.

निदानांचं म्हणाल तर सोसायटीत दुष्काळ नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी थंड इंजिन तापवणाऱ्या हीटर प्लगवर बोट ठेवलं. चेअरमन म्हणाले, डिझेलमध्येच भेसळ. वॉचमनचं मत होतं की गाडीला दृष्ट लागली, आणि खरं सांगायचं तर इतर मतांपेक्षा हे स्वस्त पडत होतं. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, "पंप काढावा लागेल." पंपवाला म्हणाला, "पंप काढून आणा, बेंचवर लावतो, पण मला विचाराल तर नोझल गेलेत." नोझलवाल्याने टेस्टरवर नोझल दाबून दाखवले. छान धुक्यासारखा फवारा. "नोझल फस्क्लास. पंप बघा." प्रत्येकाचा रोग शेजारच्या दुकानात. घरातून रोज एकच विचारणा व्हायची, "आज रिक्षाच ना?"

शेवटी कुणीतरी एका म्हाताऱ्या मिस्त्रीचा पत्ता दिला. दुकान म्हणजे एक स्टूल, एक पत्र्याची पेटी आणि शेजारी चहाची टपरी. त्यांनी धुराचं विचारलं नाही, बॅटरीचं विचारलं नाही. विचारलं ते भलतंच.

"रात्री गाडीचं तोंड कुठं असतं?"

"तोंड? रॅम्पवर उभी असते. वर."

"मग डिझेल रात्रभर मागं टाकीत उतरतंय. कुठंतरी हवा घेतेय."

"पण खाली थेंबसुद्धा गळत नाही हो!"

"गळेल कसं? इथं पंप डिझेल ओढतो. बाहेर नाही येणार, हवा आत जाणार."

उसाचा रस पिताना स्ट्रॉला भोक असलं तर रस सांडत नाही, नुसता फुर्र आवाज येतो, तसंच हे. आणि आम्ही शाखेचे सगळे सभासद इतके दिवस टॉर्च घेऊन फरशीवर डाग शोधत होतो.

मिस्त्रींनी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा घातला आणि मला सेल्फ मारायला लावला. नळीतून बुडबुड्यांची रांगच रांग निघाली. फिल्टरच्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर दबून दबून कडक झाला होता, बूडच धरत नव्हता. "नवीन आणू?" म्हटलं, तर उत्तर न देता त्यांनी तो पकडीत धरला, टपरीच्या स्टोव्हवर लालबुंद केला आणि चहावाल्याच्या पाण्याच्या टमरेलात सोडला. चुर्र! चहावाल्याच्या चेहऱ्यावरून हे नेहमीचं असावं. तापवल्यावर तांबं परत मऊ होतं. बारीक पॉलिश पेपरवर दोन्ही बाजू घासून वॉशर जागेवर गेला. मग हवा काढायचा स्क्रू ढिला करून त्यांनी प्रायमरचं, म्हणजे डिझेल हाताने ओढायच्या छोट्या पंपाचं, बटण अंगठ्याने दाबायला घेतलं. आधी फेस आला, मग थुंकल्यासारखं थोडं डिझेल, मग स्वच्छ सोनेरी धार. स्क्रू आवळला. पहिल्या सेल्फला गाडी चालू.

पैसे घेताना मिस्त्री हळूच म्हणाले, "डिझेल पण जरा वाढवून दिलंय. घाटात बघा."

बघितलं. कात्रजच्या चढावर गाडी अशी काही निघाली, की ट्रकवाल्यानेही बाजू दिली. त्याने बाजू का दिली ते आरशात पाहिल्यावर कळलं: मागे काळाकुट्ट ढग, आणि त्यातून हेडलाइट लावून येणारे दुचाकीवाले. पीयूसीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी खुपसून अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितला, आकडा बघितला, आणि माझ्याकडे न बघता नळी बाहेर काढली.

मिस्त्रींना फोन लावला.

"डिझेल परत कमी करून देतो की," ते म्हणाले. "पण मग चढाला गाडी ओढत नाही म्हणून माझ्या नावानं बोंबलायचं नाय, साहेब."