सॉकेटात अँपिअर मोजायला सांगणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

गेल्या रविवारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात खानापूर तालुक्यातनं बहिणीच्या पोराचा फोन. ‘मामा, मीटरमधनं धूर यायलाय.’ मला वाटलं हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा मीटर, म्हटलं मेन बंद कर आणि लांब हो आधी. तर म्हणतो, ‘तो नव्हे मामा, माझा मल्टिमीटर, व्होल्ट-अँपिअर मोजायचा. पिवळा. तूच दिलेला.’

‘काय करायलास तू त्यानं?’

‘घरात किती अँपिअर येतात बघायलोय.’

झोप उडाली. पोरगं पीयूसीला (अकरावी-बारावीला) आहे, आर्डुइनो नावाच्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर काहीतरी जोडत असतं, हुशार आहे. हे त्याच्या डोक्यातनं आलेलं नव्हतं. आलं होतं ते भावकीच्या ग्रुपवरनं, ‘घरबसल्या इलेक्ट्रॉनिक्स रिपेरी, ७ गुपितं जी मेकॅनिक सांगत नाहीत’. तुमच्याकडेही आली असणार. आमच्या बेळगावच्या उद्यमबागच्या ग्रुपवर हीच फॉरवर्ड महिनाभर आधी कन्नडमध्ये फिरली होती आणि तिच्यात सहाच गुपितं होती, मराठीत येईपर्यंत सात झाली. तेव्हा मी हसून सोडून दिली, चूक माझीच. आता घरापर्यंत आली म्हणून लिहायला बसलोय, आणि ओळीनं नाही, आधी पेटणारं घेतो.

गुपित नंबर दोन. जसंच्या तसं: ‘मीटरचा नॉब १० अँपिअरवर ठेवा, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाला आणि दोन्ही प्रोब सॉकेटात लावा. जो आकडा दिसेल तेवढा करंट तुमच्या घरात येतो. कमी दिसला तर हेस्कॉमकडे तक्रार करा.’

(प्रोब म्हणजे मीटरच्या टोकदार वायरी.) हे लिहिणाऱ्यानं स्वतः एकदा तरी करून बघितलंय का? नसणारच, कारण बघितलं असतं तर दुसऱ्या दिवशी टाइप करायला बोटं चालली नसती.

अँपिअर काय सॉकेटात येऊन बसलेले नसतात. सॉकेटात असतात ते व्होल्ट, २३०. अँपिअर किती जाणार ते तुम्ही काय जोडता त्यावर ठरतं. १००० वॅटची इस्त्री लावली तर साधारण ४.३ अँपिअर, त्याच सॉकेटात ९ वॅटचा एलईडी लावला तर ०.१ पण नाही, आणि काहीच लावलं नाही तर शून्य. म्हणजे ‘घरात किती अँपिअर येतात’ हा प्रश्नच चुकीचा आहे. राकसकोपच्या धरणात पाणी किती उंचीवर आहे हे सांगता येईल, पण ‘नळाला किती बादल्या येतात’ हे नळ किती उघडला त्यावर, तसंच हे.

आता मीटरच्या आत बघू. व्होल्टवर असताना या पिवळ्या मीटरचा आतला रेझिस्टन्स १० लाख ओहम असतो, त्यामुळे २३० व्होल्ट लावले तरी त्यातनं एक मिलीअँपिअर पण जात नाही, पाव मिलीअँपिअरच्या आत. १० अँपिअरच्या भोकाला मात्र आत काय जोडलेलं असतं? एक जाड वाकवलेली तार, शंट म्हणतात तिला, रेझिस्टन्स ०.०१ ओहमच्या आसपास. करंट मोजताना मीटर वाटेत, सिरीजमध्ये घालायचा असतो, म्हणून तो जवळजवळ नसल्यासारखा बनवलेला असतो. तोच सॉकेटाच्या दोन भोकांत आडवा घातला म्हणजे तुम्ही हातात धरून फेज न्यूट्रल शॉर्ट केला, बस. कागदावर २३० भागिले ०.०१ म्हणजे २३ हजार अँपिअर होतात, तेवढे अर्थातच येत नाहीत कारण घरातल्या वायरी आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंतची लाइन यांचाही रेझिस्टन्स असतो. तो सगळा मिळून एक ओहम धरला तरी २३० अँपिअर. २३० गुणिले २३० करा, सगळ्या वाटेत मिळून पन्नास किलोवॅटच्या वर, आणि तेवढा करंट त्या शेवयांसारख्या बारीक वायरीतनं, पोराच्या बोटांपासनं दोन इंचावर.

लगेच ग्रुपवर एक शहाणे म्हणाले, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडतो की, काय होतंय. पडतो, शहरात पडतो. घरातला नेहमीचा सी टाइपचा १६ अँपिअरचा एमसीबी शॉर्टला झटक्यात पडायला त्याला पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे ८० ते १६० अँपिअर. गाव लाइनच्या टोकाला असेल, वायरिंग जुनं असेल आणि सगळा मिळून रेझिस्टन्स तीन ओहम झाला तर शॉर्टला ७७ अँपिअरच येतात, मग तो झटक्यात पडत नाही, गरम होऊन पडायला काही सेकंद घेतो. आणि बहिणीकडं तर एमसीबी पण नाही. किटकॅट फ्यूज आहे, चिनीमातीचा, तार घालायचा, आणि त्यात दाजींनी, सारखा उडतोय म्हणून, पाच-सहा पदर करून जाड तार घातलेली. त्यामुळे झालं असं की घरातली ट्यूब एकदा मंद झाली न परत लागली, फ्यूज उडालाच नाही, उडाला तो मीटरच्या आतल्या सर्किट बोर्डावरचा ट्रॅक, तांब्याची बारीक पट्टी. तोच फ्यूज झाला म्हणायचा. प्रोबचं टोक वितळून गोळी झालंय, बोर्डावर काळा पट्टा आहे आणि पोराच्या अंगठ्याला थोडं भाजलंय. पायात स्लिपर होती म्हणून वाचला असं बहीण सांगत सुटलीय, तिला कोण सांगणार की या प्रकारात स्लिपरचा काही संबंधच नाही.

दुसरे एक म्हणाले आमच्याकडं ३० एमएचा आरसीसीबी आहे. असू दे. आरसीसीबी बघतो की फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं परत आला का. या शॉर्टमध्ये गेला तेवढा परत येतोय, त्याच्या दृष्टीनं सगळं बरोबर. तो हलणार पण नाही.

मी सांगतोय म्हणून नका मानू, घरातला पिवळा मीटर हातात घेऊन त्याच्या तोंडावरचं वाचा. १० अँपिअरच्या भोकाजवळ बहुतेकांवर इंग्रजीत छापलेलं असतं: ‘अनफ्यूज्ड’. म्हणजे या वाटेवर फ्यूज नाही, हे बनवणाऱ्यानंच लिहून दिलंय. आणि ‘कॅट टू’, ‘कॅट थ्री’ असं जे असतं ती सजावट नव्हे. आयईसी ६१०१० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, मोजायच्या उपकरणांच्या सुरक्षेचं. त्यात कॅट टू म्हणजे सॉकेटाला लागणाऱ्या वस्तू, कॅट थ्री म्हणजे घरातला डीबी (एमसीबी-फ्यूजांची पेटी) न भिंतीतलं वायरिंग, कॅट फोर म्हणजे हेस्कॉमच्या मीटरकडची बाहेरची बाजू. नुसते व्होल्ट नाहीत त्यात. कॅट थ्री ६०० व्होल्टच्या मीटरनं ६००० व्होल्टचा क्षणिक झटका सोसायचा असतो, आणि आमच्याकडं जांबोटी-कणकुंबी भागात वळवात वीज कडाडायला लागली की उघड्या तारांवरनं असले झटके घरात येतात हे काय सांगायला पाहिजे का. याच मानकात असंही आहे की मीटर चुकीच्या रेंजवर ठेवून लिहिलेले व्होल्ट लावले तरी वापरणाऱ्याला इजा होता कामा नये. माणूस चुकणार हे त्यांनी धरलेलं आहे.

आणि माणूस चुकतोच. मी कारखान्यात मेंटेनन्सला वीसेक वर्षं काढली, एकदा मोटरचे अँपिअर बघून झाल्यावर लाल प्रोब त्याच भोकात राहिला, नॉब व्होल्टवर केला आणि पॅनलवर लावला. नॉब कुठंही असू दे, प्रोब त्या भोकात असला की शॉर्टच. फट्ट झालं, पण त्या मीटरमध्ये चिनीमातीचा वाळू भरलेला एचआरसी फ्यूज होता, तो गेला, मी राहिलो. फ्यूज बदलायला पिवळ्या मीटरपेक्षा जास्त पैसे गेले, तेव्हा जिवावर आलं होतं.

घरात कुठली वस्तू किती करंट घेते हे खरंच बघायचं असेल तर क्लॅम्प मीटर घ्या, वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून मोजायचा. आणि तो एकाच वायरीभोवती लावा, दोन्ही वायरी आत घेतल्या तर शून्यच दाखवणार, मग मीटर खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

यालाच लागून गुपित नंबर तीन: ‘मीटरचा फ्यूज गेला तर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळा.’ म्हणजे होतं नव्हतं ते पण काढून टाका. एचआरसीतली वाळू कशाला असते, तर तार उडाल्यावर आत जो आर्क पेटतो तो विझवायला; वाळू वितळून काच होते आणि वाट बंद. चॉकलेटचा कागद काय विझवणार?

नंबर चार वाचून तर डोक्याला हात लावला, तो कपॅसिटरचा, म्हणजे चार्ज साठवून ठेवणाऱ्या पार्टचा. ‘कपॅसिटरच्या दोन पायांना स्क्रू ड्रायव्हर लावा, ठिणगी जेवढी मोठी तेवढा कपॅसिटर चांगला.’ टीव्हीच्या किंवा चार्जरच्या सप्लायमध्ये २३० चे डीसी होऊन ३२५ व्होल्ट होतात, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तेवढ्यावर असला तर त्यात पाच जूलच्या वर ऊर्जा असते. ड्रायव्हरचं टोक खातं, ट्रॅक उडतो, आणि दचकून हात मागं घेताना कोपर कुठं लागेल सांगता येत नाही. बरं, ठिणगीवरनं कळतं काय? चार्ज होता एवढंच. कपॅसिटर म्हातारा होतो तेव्हा त्याचा ईएसआर, आतला रेझिस्टन्स, वाढतो. मायक्रोफॅरड बरोबर दिसतील, ठिणगी पण मस्त येईल आणि सेट काही चालू होणार नाही. त्यापेक्षा २.२ किलोओहमचा १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावा, सव्वा सेकंदात खेळ खलास, वर मीटरनं व्होल्ट बघून खात्री करा. ईएसआरसाठी तो स्वस्तातला छोटा कंपोनंट टेस्टर मिळतो, मूळ डिझाइन जर्मनीतल्या मार्कुस फ्रेयेक नावाच्या हौशी माणसाचं, सगळ्यांनी उचललं. त्याला लावायच्या आधी पण कपॅसिटर रिकामा करायचा, नाहीतर टेस्टर गेला.

सहावं मराठीत नव्यानं जन्मलेलं: ‘सिरीज बोर्डावर जुन्या बल्बऐवजी एलईडी लावा, वीज वाचते.’ अहो, सिरीज बोर्ड उजेडासाठी नसतो. रिपेरी केलेला सेट पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा तारेचा बल्ब वाटेत घालतात. सेटमध्ये शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण पेटतो आणि करंट ०.४३ अँपिअरच्या वर जात नाही, नवीन घातलेले पार्ट वाचतात. सेट बरा असला तर बल्ब एकदा चमकून मंद होतो. थंड तारेचा रेझिस्टन्स कमी, तापल्यावर कितीतरी पट जास्त, सगळी गंमत त्यात आहे. एलईडीच्या आत स्वतःचाच ड्रायव्हर, तो नुसता मिणमिणणार आणि तुम्हाला चकवणार. खडेबाजारात कुठल्याही जुन्या रिपेरीवाल्याकडं विचारा, तारेचे बल्ब मिळेनासे झालेत म्हणून जपून ठेवतायत लोक.

पाचवं, ‘९० टक्के वेळा आयसीच (चिप) गेलेला असतो’ (कन्नडमध्ये ७० टक्के होतं). नाही. आधी आयसीच्या पायावर सप्लाय येतोय का बघा, ग्राउंड एकच आहे का बघा, सोल्डर कोरडं आहे का. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खुपसून जोडायच्या बोर्डावर) काम करत असाल तर लांब बोर्डाच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या पुष्कळदा मधोमध तुटक असतात, अर्ध्या बोर्डाला सप्लायच नसतो, भाच्याचे दोन रविवार त्यात गेलेत. सातवं, मोबाईल ॲपच ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट स्क्रीनवर दाखवणारं यंत्र). माइकच्या वाटेनं जे जातं ते आवाजाच्या फ्रिक्वेन्सीपुरतं, डीसी तर दिसतच नाही, आणि ५ व्होल्ट सरळ जॅकमध्ये दिले तर मोबाईल जाईल. आर्डुइनो उनोचा पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद होणारा सिग्नल) बहुतेक पिनांवर ४९० हर्ट्झ असतो, तो बघायला डीएसओ १३८ या छोट्या ऑसिलोस्कोपचं किट चालतं, २०० किलोहर्ट्झपर्यंत. १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल त्यावर बघायला जाऊ नका.

राहिलं पहिलं, ‘सगळे मीटर सारखेच, कंपनीच्या नावाचे पैसे घेतात’. नाइलाजानं म्हणतो, यात थोडं खरं आहे. बॅटरीवरच्या, यूएसबीवरच्या कामाला पिवळा मीटर पुरतो. स्क्रीनवर जास्तीत जास्त १९९९ हा आकडा दिसतो, डीसीला अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक, ५.०२ आणि ५.०४ मध्ये तुमचा रोबोट काही अडत नाही. फक्त आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की तो व्होल्ट जास्त दाखवायला लागतो, तेवढं ध्यानात ठेवा. पण भिंतीकडं जायचं असेल तर ‘सारखेच’ हा शब्द गिळा. आणि नुसतं कॅट थ्री छापलंय म्हणून पण घेऊ नका, मागचं झाकण उघडून बघा, आत नखाएवढा काचेचा फ्यूज असला तर ते छापलेलं खोटं आहे.

भाच्याला आता दुसरा पिवळा दिलाय, त्याच्या १० अँपिअरच्या भोकात मी एम-सील भरलंय. बुधवारी जाऊन बहिणीकडं किटकॅट काढून एमसीबी पण बसवून आलो, खोलीला १० अँपिअरचा, लाइनच्या टोकाला जरा लवकर पडावा म्हणून. दाजी शेजारी उभे राहून बघत होते. ती जाड तार मी फेकत होतो तर हातातनं घेतली, म्हणाले असू दे, लागती कधीतरी, आणि देवळीत ठेवली.