थांब म्हणणाऱ्यांनो, ताईला गाडी घेऊ द्या

आज दुपारी ताईनं टोयोटाच्या फॉर्च्युनरचं बुकिंग रद्द करायचा मेसेज शोरूमला टाकला. कारण काय, तर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी कुणीतरी 'नवीन फॉर्च्युनर' म्हणून एक चित्र पाठवलं. कंपनीचा फोटो नव्हे, कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून बनवलेलं चित्र. ना तारीख, ना किंमत. तेवढ्या चित्रावर दाजी, दोन भाचे आणि आमचे काका असे सगळे मिळून तिच्या मागं लागले. थांब, नवीन मॉडेल येतंय, आत्ता घेतलीस तर पस्तावशील. जेवायच्या वेळेपर्यंत तिनं हात टेकले. मला फोन करून म्हणाली, "जाऊ दे रे, सगळेच म्हणतायत तर थांबते."

ज्या सुरात ती हे बोलली तो मला सहन झाला नाही. म्हणून लिहितोय. ग्रुपवर लिहिलं असतं तर दोन अंगठे आणि एक हात जोडलेलं चित्र आलं असतं आणि विषय संपला असता.

ताई आटपाडीत डॉक्टर आहे. बाळंतपणं करते. रात्री दोन वाजता पेशंट सांगलीला किंवा मिरजेला हलवायची वेळ आली की रुग्णवाहिकेच्या मागं स्वतःची गाडी घेऊन जाते, कारण तिला पेशंट दुसऱ्याच्या हवाली करून झोप लागत नाही. जत भागातल्या शिबिरांना स्वतः गाडी चालवत जाते. आज तिच्याकडं जुनी इनोव्हा आहे, ती बिचारी अजून चालतेय. पण तिला फॉर्च्युनर हवी आहे. उंच बसायला आवडतं, जड गाडी रात्रीच्या रस्त्यावर बरी वाटते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला ती गाडी आवडते. आपल्या कमाईतून गाडी घेणाऱ्या माणसाला यापेक्षा वेगळं कारण द्यावं लागतं का?

आता आमच्या मामांचं ऐका, म्हणजे माझा संताप कशाचा आहे ते कळेल.

मामा आमचे विट्याकडचे, गलाईवाले. उभा जन्म कोईमतूरला गेला. सोनं गाळून पैसा कमावला, गावाकडं घर बांधलं, बहिणींची लग्नं केली. स्वतःसाठी त्यांना एकच गोष्ट हवी होती. फोर्डची एन्डेव्हर, फॉर्च्युनरसारखीच धिप्पाड गाडी, घ्यायची आणि कोईमतूरहून बंगळूर, चित्रदुर्ग, हुबळी करत स्वतः चालवत गावच्या यात्रेला यायचं. पैसे तयार होते. 2019 च्या फेब्रुवारीत एन्डेव्हरचं फेसलिफ्ट, म्हणजे तोंड बदललेलं मॉडेल, आलं तेव्हा म्हणाले, पुढच्या वर्षी बीएस सिक्स, म्हणजे धुराचे नवे नियम, लागू होतायत, इंजिन बदलणार, थांबू. 2020 ला नवीन दोन लिटरचं इंजिन आणि दहा गिअरचा ऑटोमॅटिक आला. तेव्हा म्हणाले, नवं इंजिन आहे, जरा लोकांना वापरू दे, शिवाय आता अख्खी गाडीच नवीन येणार म्हणतात. मग कोरोना. आणि 9 सप्टेंबर 2021 ला फोर्डनं जाहीर केलं की आम्ही भारतात गाड्या बनवणं बंद करतोय. ज्या तमिळनाडूत मामा राहत होते तिथंच चेन्नईजवळ ती गाडी तयार होत होती. पुढच्या वर्षी मार्चमध्ये नवीन मॉडेल जगात आलं, एव्हरेस्ट नावानं. आपल्याकडं नाही. मामांनी ती यूट्यूबवर बघितली.

बरं, तिथून तरी शहाणपण यावं? नाही. 2022 पासून मामा फॉर्च्युनरसाठी थांबले. का, तर 2016 ची गाडी आता कोण घेतो, नवीन येईलच.

थोडं गाडीचंही बोलतो, कारण भाचे मंडळींना वाटतंय मला, म्हणजे त्यांच्या मामाला, भावनेपलीकडं काही कळत नाही. मी चाकणला शीट मेटलच्या टूलरूममध्ये काम करतो. गाड्यांचे पत्रे दाबायचे डाय आम्ही बनवतो. नवीन मॉडेलची पहिली बॅच बाहेर पडली की आमच्याकडं ड्रॉइंगच्या रिव्हिजन यायला लागतात. ब्रॅकेटला एक छिद्र वाढवा, ही क्लिप बदला, दरवाजाचं रबर जाड करा. सगळ्याच कंपन्यांचं असं असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गाडी रस्त्यावर गेल्याशिवाय तिची दुखणी कळत नाहीत. दहा वर्षं जुन्या मॉडेलची शेवटची बॅच म्हणजे ज्यातल्या सगळ्या खोड्या कुणीतरी आधीच सोसून, दुरुस्त करून घेतल्यात अशी गाडी. आटपाडीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या, रात्री पेशंटमागं जाणाऱ्या बाईला मी हीच गाडी घे म्हणीन. पहिल्या लॉटमधली नाही. टूलरूममधला कुणीही हेच सांगेल.

आणि नवीन म्हणजे किती नवीन? 2025 च्या नोव्हेंबरात टोयोटानं थायलंडमध्ये नवी हायलक्स दाखवली, त्यांची मागं हौदा असलेली पिकअप. फॉर्च्युनर तिचीच बहीण, दोघींचा सांगाडा एकाच घरातला. त्या नव्या हायलक्समध्ये काय आहे? तीच शिडीसारखी चॅसिस, तेच 2.8 लिटरचं डिझेल, सोबत 48 व्होल्टची छोटी बॅटरी. ती बॅटरी तर निओ ड्राइव्ह नावानं आपल्याकडं 2025 च्या जूनपासून फॉर्च्युनरमध्ये मिळतेय! नवीन मॉडेलमध्ये तोंड बदलेल, आतला पडदा मोठा होईल, सीट सुधारतील. यासाठी ताईनं अजून दोन पावसाळे जुन्या गाडीत काढायचे?

मान्य करतो, स्टिअरिंग. फॉर्च्युनरचं स्टिअरिंग अजून हायड्रॉलिक आहे, गावातल्या गर्दीत हात भरून येतात, आणि नव्या हायलक्सला इलेक्ट्रिक आलंय. हा एक मुद्दा दाजींचा बरोबर. सनरूफ नाही, एडास म्हणजे धोका दिसला की ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा नाही, तेही खरं. तिसऱ्या रांगेच्या सीट दुमडल्या की दोन्ही बाजूंना लटकतात आणि डिकीतली जागा खातात. असू दे. ताईला डिकीत औषधांची खोकी आणि एक बॅग ठेवायची आहे, तिला घर हलवायचं नाही.

पैशाचं म्हणाल तर थांबल्यानं कुणाला स्वस्त मिळाली ते मला दाखवा. ही पिढी आपल्याकडं 7 नोव्हेंबर 2016 ला आली, नोटबंदीच्या आदल्या दिवशी. तेव्हा सुरुवातीची किंमत 25.92 लाख होती. 2021 च्या जानेवारीत फेसलिफ्ट आलं, सुरुवात 29.98 लाखांवर गेली. आज 33 लाखांच्या पुढं आहे, आणि हे सगळं एक्स-शोरूम. तेही 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी आणि सेस मिळून असलेला 50 टक्के कर 40 वर आल्यावर! त्यावेळी काही व्हेरियंट जवळपास साडेतीन लाखांनी उतरले. त्या कपातीचा फायदा आज ताईच्या हातात आहे. नवीन गाडी आल्यावर कंपनी ती जुन्या किमतीला देणार आहे का? वर आपल्या महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला 15 टक्के रोड टॅक्स. म्हणजे किंमत जेवढी वाढेल तेवढा टॅक्सही वाढणार. मग विमा. मग पहिल्या महिन्यांतली रांग.

रीसेल पडेल म्हणतात. पडेल थोडी, नवीन आली की जुनीची पडतेच. पण ताई गाडी दहा-बारा वर्षं वापरणार आहे. तिची आधीची इनोव्हा विकायला काढली का कुणी? गाडी घ्यायच्या आधीच ती विकायचा हिशेब मांडणाऱ्यांनी गाडीच घेऊ नये.

मामांचं पुढं काय झालं ते राहिलंच. मणक्याचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, बरे आहेत, पण डॉक्टरांनी लांबचं ड्रायव्हिंग बंद केलं. आता यात्रेला येतात ते मुलगा गाडी चालवतो आणि मामा मागच्या सीटवर उशी लावून आडवे होऊन येतात. गाडी तीच जुनी. पैसे अजून बँकेत आहेत. गेल्या यात्रेला मी विचारलं, मामा, आता तरी घ्या की, दादा चालवेल. म्हणाले, "मला बसायची हौस नव्हती रे, चालवायची होती."

आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांनी मामांना मागच्या सीटवरनं उतरताना हात दिलाय. तीच माणसं आज ताईला थांब म्हणतात! ताई पन्नाशीला आलीय. गुडघा आत्ताच कुरकुरतोय तिचा. गाडी पुढच्या वर्षी येईल, त्याच्या पुढच्या वर्षी येईल. रात्री अडीच वाजता तासगावच्या रस्त्यावर स्वतः गाडी चालवायची ताकद तोपर्यंत राहील याची हमी कोण देणार? तो चित्र पाठवणारा?

आणि आता जे खरं बोचलं ते बोलतो. काकांनी ग्रुपवर लिहिलं, "बाईमाणसाला एवढं धूड कशाला, छोटी काहीतरी घे." हे मला वाचूनही न वाचल्यासारखं करता आलं नाही. काका, तुमच्या सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा त्या बाईमाणसानंच रात्रभर जागून सोडवलं. तेव्हा नाही कुणी म्हणालं की बाईमाणसाला एवढं ऑपरेशन कशाला. आपल्याकडं गावोगाव पांढऱ्या फॉर्च्युनर उभ्या आहेत. कुणाच्या पैशातून आल्या ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांना कुणी विचारत नाही की नवीन मॉडेलसाठी का थांबला नाहीस. भाऊ-दादा-साहेबांनी घेतली की रुबाब, आणि डॉक्टरबाईनं घामाच्या पैशातून घेतली की सल्ले. हे चालणार नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

दाजींवर माझा राग नाही, हेही लिहितो, नाहीतर उद्या घरात अबोला व्हायचा. दाजींनी आयुष्यभर काटकसर केली म्हणून ताईचं हॉस्पिटल उभं राहिलं. कर्जाचे हप्ते चालू असताना स्वतः स्कूटरवर फिरले. पन्नास लाखांच्या आसपास जाणारी वस्तू घेताना त्यांच्या पोटात गोळा येतो, मला कळतं. नवीन मॉडेल हे त्यांच्यासाठी निमित्त आहे. दाजी, तसं असेल तर तसं सांगा. खर्च जड वाटतोय म्हणा, आपण बसू, हिशेब करू, कर्ज किती काढायचं ते बघू. ताई समजून घेईल. पण चित्र दाखवून तिला गप्प करू नका.

ज्यांच्याकडं आज घरची गाडी चांगली आहे, घाई नाही, ज्यांना पडदा मोठाच हवा आहे, त्यांनी खुशाल थांबावं. माझं भांडण त्यांच्याशी नाही.

संध्याकाळी मी शोरूममधल्या मुलाशी बोललो. रद्द करायचा अर्ज अजून पुढं गेलेला नाही, सोमवारपर्यंत तो बुकिंग धरून ठेवेल. शनिवारी मी चाकणहून आटपाडीला येतोय. दाजी, त्या दिवशी घरी राहा. काका, तुम्हीही या. आणि सांगली-कोल्हापूरकडच्या ज्या मित्रांनी गेल्या दोन-तीन महिन्यांत फॉर्च्युनर डिझेल ऑटोमॅटिक घेतलीय त्यांनी खाली लिहा: डिस्काउंट किती मिळाला, विमा बाहेरून काढू दिला का, आणि फोर बाय फोर घेतली की टू व्हील ड्राइव्ह. मला शनिवारी कागदावर आकडे घेऊन बसायचंय.