मध्ययुगीन सैनिक चिखलाच्या रंगाचे नव्हते

वॉरगेमिंगसाठी, म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांनिशी लढाया खेळण्यासाठी, सैनिक रंगवायला बसलेल्या नवख्या माणसाला हमखास मिळणारा सल्ला असा: “मध्ययुगीन फिगर सगळ्यात सोप्या. काळा प्रायमर मारा, चिलखतावर चंदेरी ड्रायब्रश, कपड्यांना तीन-चार तऱ्हेचे तपकिरी, ढालीवर एखादा सिंह आणि शेवटी सगळ्यावर तपकिरी वॉश ओता. त्या काळी सामान्य माणूस मातकट कपडेच घालायचा, गणवेश नव्हतेच, त्यामुळे इतिहासालाही धरून होतं. चाळीस सैनिकांचा खोका एका सुटीत उरकतो.”

(प्रायमर म्हणजे रंगाआधीचा पायाचा हात, ड्रायब्रश म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासणं, वॉश म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग.) हा सल्ला इतका फिरला आहे की त्यातला प्रत्येक तुकडा वेगळा काढून पाहायला हवा. उदाहरणं मुख्यतः इंग्लंडमधल्या गुलाबांच्या युद्धांची, म्हणजे राजगादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांत झालेल्या लढायांची (१४५५ ते १४८७), घेतली आहेत. या काळाचे २८ मि.मी.चे प्लास्टिक सैनिक सहज मिळतात, आणि सल्ला सर्वांत जास्त फसतो तोही याच काळात.

“सामान्य माणूस मातकट कपडेच घालायचा”

युरोपातल्या रंगाऱ्यांचा रोजचा धंदा तीन वनस्पतींवर चालायचा. निळ्यासाठी वोड, लालसाठी मॅडर, पिवळ्यासाठी वेल्ड. वोडमधून निघणारा निळा आणि आपल्या निळीतला निळा हे रसायन म्हणून एकच. मॅडर ही आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण. यातलं काहीही दुर्मिळ नव्हतं आणि लोकरीवर हे रंग छान बसतात. वेल्डवर वोड चढवला की हिरवा मिळायचा. महाग होते ते केर्मिस किड्यापासूनचा झगझगीत लाल आणि गडद, एकसारखा काळा.

लोक आपल्या पायरीपेक्षा भारी कापड घालतात म्हणून इंग्लंडमध्ये १३६३ साली कायदा करावा लागला. नांगर हाकणाऱ्या गड्यांनी ‘रसेट’सारखं जाडंभरडं स्वस्त कापडच वापरावं असं त्यात होतं. सगळे आधीच मातकट कपड्यांत फिरत असते तर हा कायदा कुणासाठी केला असता? तो फार काळ टिकलाही नाही.

तपकिरीची समजूत आली चित्रपटांतून, आणि थोडी उत्खननांतूनही. जमिनीत शतकानुशतकं पडलेलं कापड मातीतल्या द्रव्यांनी तपकिरी होतं. मूळ रंग प्रयोगशाळेत शोधावा लागतो. याउलट १३व्या शतकाच्या मध्यात चितारलेल्या मॉर्गन बायबल या सचित्र हस्तलिखितातले साधे पायदळी बघा: निळे, तांबडे, हिरवे, फिकट गुलाबी. चित्रकारही रंग चढवून काढतो हे मान्य, पण सगळंच खोटं असायचं कारण नाही.

मग तपकिरी अजिबात नको का? हवा की. न रंगवलेली लोकर मेंढीच्या रंगाची असते: मळकट पांढरी, राखी, तपकिरी. बारा जणांच्या तुकडीत दोघा-तिघांना असे कपडे द्यावेत, बाकीच्यांना विटकरी, मंद निळा, मोहरीचा पिवळा. रंग विटलेले दाखवायचे असतील तर शुद्ध पांढरा मिसळू नका, लाल गुलाबी होतो आणि निळा खडूसारखा दिसतो. लालमध्ये थोडा त्वचेचा रंग, निळ्यात फिकट राखी घाला. वेल्डचा पिवळा उन्हात लवकर उडतो, म्हणून जुना हिरवा निळसर होत जातो. जुन्या भित्तिपटांवरची झाडं आज निळी दिसतात ती यामुळेच. मोहिमेत जुना झालेला हिरवा अंगरखा दाखवायला हिरव्यात पिवळा नव्हे, राखी-निळा मिसळायचा.

तागाचं कापड मात्र रंग धरायला नाठाळ. सदरे, डोक्याच्या घट्ट टोप्या, आतल्या चड्ड्या पांढऱ्या-मळकट पांढऱ्याच ठेवा. तिरंदाज आणि भालाईत घालायचे तो ‘जॅक’ म्हणजे कापडाचे थर शिवून केलेलं चिलखत. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या आदेशात त्याला तीस पदर, किंवा पंचवीस पदर आणि वर हरणाचं कातडं सांगितलं आहे. त्याला बिस्किटी रंग, शिलाईच्या खाचेत पातळ तपकिरी आणि फुगीर भागावर पुन्हा मूळ रंग, एवढं पुरतं.

“गणवेश नव्हतेच, काहीही चालतं”

आजच्या अर्थाचा गणवेश नव्हता हे खरं. ‘काहीही चालतं’ हे खोटं. दुसऱ्या रिचर्डने १३८५ साली स्कॉटलंडच्या स्वारीआधी डरहॅमला काढलेल्या नियमांत प्रत्येक माणसाने छातीवर आणि पाठीवर सेंट जॉर्जचा मोठा क्रूस लावावा असं आहे. शत्रूपैकी कुणी तो लावून सापडला तर मृत्यू. पंधराव्या शतकात मोठ्या सरदारांची माणसं त्यांच्या ठरलेल्या रंगांची जॅकेटं, म्हणजे लिव्हरी, घालत. यॉर्क घराण्याची जांभळट तांबडी आणि निळी. वॉरिकच्या अर्लची लाल, त्यावर पांढरा खडबडीत सोटा. बकिंगहॅमच्या स्टॅफर्डांची काळी-लाल, वर दोरीची गाठ. ट्यूडरांची पांढरी-हिरवी. तिसऱ्या रिचर्डने १४८३ मध्ये यॉर्कमधल्या एका समारंभासाठी फस्टियन कापडावरचे तब्बल १३,००० पांढरे रानडुक्कर (ही त्याची खूण) करून मागवले होते, यावरून या खुणांचा पसारा लक्षात यावा.

आणि खूण चुकली की काय होतं? १४ एप्रिल १४७१, बार्नेटची लढाई, सकाळचं दाट धुकं. ऑक्सफर्डच्या अर्लच्या माणसांच्या अंगावर किरणांचा तारा होता. त्यांच्याच बाजूच्या वॉरिकच्या लोकांना तो शत्रूचा, चौथ्या एडवर्डचा, किरणांचा सूर्य वाटला आणि त्यांनी आपल्याच माणसांवर बाण सोडले. “दगा, दगा” ओरडत ऑक्सफर्डची माणसं पळाली. टेबलावरही हेच होतं. दोन्ही सैन्यं तपकिरी असली तर तीन फुटांवरून कोण कुणाचं ते कळत नाही.

दोन रंगांचं जॅकेट रंगवणं वाटतं तितकं अवघड नाही. यॉर्कचं उदाहरण घेऊ. जांभळट तांबड्यासाठी लाल तीन थेंब, जांभळा एक, गडद तपकिरी अर्धा. एका तुकडीला पुरेल इतका रंग एकदमच करून बंद डबीत ठेवा, दुसऱ्या दिवशी तीच छटा परत जमत नाही. आधी अख्ख्या जॅकेटला या रंगाचे दोन पातळ हात द्या. सुकल्यावर एका अर्ध्या भागावर निळा. सीमारेषा पुढे नाड्यांच्या उंचवट्यावरून आणि मागे पाठीच्या कण्यावरून न्यावी. कुणाचा निळा डावीकडे, कुणाचा उजवीकडे असं होऊ देऊ नका. खरी घाई इथेच नडते, कारण पाठीकडून रंगवताना बाजू उलटी दिसते. सर्व फिगर एकाच दिशेला तोंड करून ठेवल्या की हा घोळ टळतो. दोन रंगांमध्ये पातळ गडद तपकिरी रेघ ओढावी. काळी रेघ या आकाराला व्यंगचित्रासारखी दिसते. बऱ्याच जॅकेटांना बाह्या नसत, म्हणून हातांवर आतल्या डब्लेटचा (तंग अंगरख्याचा) वेगळाच रंग येतो.

छातीवरचं डुक्कर जेमतेम दोन मि.मी. भरतं. चार पाय काढायच्या फंदात पडू नये. एक लांबट ठिपका, पुढे खाली झुकलेलं तोंड, खाली दोन टिंबं, वर आयाळीची बारीक रेघ. हातभर अंतरावरून डोळा उरलेलं स्वतःच भरून घेतो.

“काळा प्रायमर सगळ्याला चालतो”

पायापासून डोक्यापर्यंत पोलादात असलेल्या सरदारांना चालतो. लिव्हरीतल्या पायदळाला नाही. पिवळा, लाल आणि पांढरा हे काळ्यावर झाकणारे रंग नव्हेत. चार-पाच हात द्यावे लागतात आणि तोवर जॅकेटाच्या चुण्या बुजतात. फिकट राखी किंवा हाडाच्या रंगाचा प्रायमर मारा आणि फक्त धातूच्या भागांवर ब्रशने काळा लावा. सैनिकांचे सुटे भाग ज्यांत जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी आधी भांडी घासायच्या साबणाने धुऊन वाळवाव्यात. साच्याचा तेलकटपणा राहिला तर प्रायमर पापुद्र्यासारखा सुटतो.

“चिलखत म्हणजे चंदेरी ड्रायब्रश”

कडीच्या चिलखताला ड्रायब्रश उत्तम. काळ्यावर गडद पोलादी रंग, पण ब्रश कागदावर इतका पुसायचा की डाग जवळजवळ उमटू नये. मग काळा वॉश आणि मॅट मीडियम (रंग पातळ करायचं बिनचमकेचं द्रावण) समसमान. वॉश नुसत्या पाण्याने पातळ केला तर सुकताना कडेला डागाची किनार उमटते. शेवटी खांद्यावर आणि कोपरावरच थोडा उजळ चंदेरी.

पत्र्याच्या चिलखताला हीच रीत वापरली की ते खरवडलेल्या पातेल्यासारखं दिसतं. तिथे गडद पोलादी रंगाचे दोन गुळगुळीत हात, फक्त सांध्यांत आणि खिळ्यांभोवती वॉश, आणि शिरस्त्राणाचा माथा, नाकाडाची धार, गुडघ्याची वाटी यांवर बारीक ब्रशने चंदेरी. सगळी चिलखतं चकचकीत नसतही. काही हातोड्याखालून आली तशी काळपट ठेवत, आणि रंगवलेली सॅलेट शिरस्त्राणं आजही संग्रहालयांत आहेत. ब्रिगँडाइन तर वरून कापडच असतं, पत्रे आतल्या बाजूला. त्यामुळे त्याला कापडाचा रंग द्या आणि त्रिकोणात बसवलेल्या खिळ्यांच्या टोकांना पितळी टिंबं.

सल्ल्यात नसलेली गोष्ट म्हणजे वार्निश. मॅट वार्निशमधली भुकटी प्रकाश विखुरते, त्यामुळे धातूची झळाळी मरते. म्हणून आधी मॅट वार्निश, ते सुकल्यावर शेवटचा उजळ चंदेरी. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात वार्निशचा स्प्रे टाळाच. दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते. ब्रशने लावायचं ॲक्रिलिक वार्निश बाटली चांगली हलवून दोन पातळ हातांत द्यावं. साय आलीच असेल तर वरून ग्लॉस वार्निशचा हात दिला की बहुतेक वेळा ती निवळते, मग पुन्हा मॅट.

“ढालीवर एखादा सिंह”

कुठल्या सालची ढाल? वंशपरंपरागत कुलचिन्हं बाराव्या शतकाच्या मध्यास रुळली. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईतल्या नॉर्मन ढालींवर क्रूस, वळणदार रेघा, पंखवाले प्राणी आहेत, पण कुलचिन्हं नाहीत. गुलाबांच्या युद्धांपर्यंत तर पूर्ण चिलखतातल्या सरदाराने ढाल सोडूनच दिलेली. तिथे चिन्हं झेंड्यांवर येतात.

मधल्या काळात नियम सोपा आहे: धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही. धातू म्हणजे सोनेरी आणि रुपेरी, रंग म्हणजे लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा. म्हणजे निळ्यावर लाल सिंह चुकीचा, निळ्यावर सोनेरी बरोबर. जेरुसलेमच्या राज्याचं चिन्ह, रुपेरीवर सोनेरी क्रूस, हा गाजलेला अपवाद. आणि सोनेरी म्हणजे पिवळा, रुपेरी म्हणजे पांढरा रंग वापरा. चमकणारे धातूचे रंग ढालीवर लावले की दिव्याखाली नक्षीच दिसेनाशी होते.

डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) लावणार असाल तर ढालीला आधी ग्लॉस वार्निश द्या. मॅट पृष्ठभागाच्या खडबडीत हवा अडकून डीकलखाली चंदेरी चट्टे दिसतात. फुगीर ढालीवर सुरकुती पडली तर तिथे ब्लेडने बारीक चीर देऊन डीकल मऊ करणारं द्रावण लावावं, आणि ते सुकेपर्यंत हात लावू नये.

“शेवटी सगळ्यावर तपकिरी वॉश”

एवढं सगळं करून शेवटी हे केलं तर पिवळ्याची मोहरी होते, निळा गढूळ होतो आणि सेंट जॉर्जचं पांढरं जॅकेट चहा सांडल्यासारखं दिसतं. हनुवटीखाली आणि काखेत वॉश साचून सुकतो तो वेगळाच. तपकिरी वॉश चेहरा, कातडं, लाकूड आणि लोकरीचे मातकट भाग यांना. लालला गडद तांबडा-तपकिरी, निळ्याला गडद निळा, पांढऱ्याला अगदी पातळ राखी आणि तोही खाचांतच. साचलेला वॉश ओलसर स्वच्छ ब्रशने लगेच टिपून घ्या.

“चाळीस एका सुटीत”

होतात, पण दिसतातही तशीच. आठ-दहांच्या गटाने, एका वेळी एकच रंग सगळ्यांवर, असं केलं की शेवटच्याला रंग लागेपर्यंत पहिला सुकलेला असतो. यापेक्षा मोठा गट घेतला की चौथ्या रंगाला कंटाळा येतो आणि भाल्यांचे दांडे तसेच राहतात. दांडे फिकट लाकडाचे करा, ॲशचं लाकूड गडद नसतं. यू लाकडाच्या धनुष्याची तिरंदाजाकडची बाजू लालसर तपकिरी आणि बाहेरची फिकट पिवळट असते. दोन रेघांचं काम, पण तिरंदाजांची तुकडी एकदम खरी वाटते.

चिखलाची हौस असेलच तर ती बेसवर (फिगरच्या पायाखालच्या चकतीवर) आणि गुडघ्याच्या खाली भागवा. ॲजिनकोर्टच्या लढाईत, १४१५ च्या ऑक्टोबरात, पाऊस पडून गेलेलं नांगरलेलं शेत होतं. तिथे तंग विजारींवर मातीची भुकटी चोळा, मॅट वार्निशनंतर, नाहीतर ती वार्निशात विरघळून नाहीशी होते. मे महिन्यातल्या ट्यूक्सबरीला हिरवं गवत लावा. मार्च १४६१ च्या टाउटनला हिमवादळ होतं, तेव्हा बर्फ करायला मॉडेलचीच भुकटी घ्या. खायचा सोडा फेविकॉलमध्ये कालवून लावला तर पुढे तो पिवळा पडतो.